आवडता खेळाडू व डोळस कौतुक : कर्नल सी. के. नायडू
(इयत्ता सहावी व सातवीसाठी पूरक पाठ आणि शिक्षकांसाठी विवेचन)

प्रास्ताविक

अनसिंग परिसरातील एका शाळेत घडलेला एक साधा प्रसंग या पाठाच्या मुळाशी आहे. इयत्ता सातवीच्या वर्गात सरासरीचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याचे लक्ष फळ्याकडे नव्हते. गुरुजींनी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा अंकगणिताच्या वहीच्या मागील पानावर वृत्तपत्रातून कापून घेतलेले एका क्रिकेटपटूचे छायाचित्र चिकटवलेले दिसले. तो खेळाडू फलंदाजीही करणारा, गोलंदाजीही करणारा आणि शिवाय संघाचा कर्णधार होता. छायाचित्राखाली ठळक अक्षरांत त्याचे नाव लिहून भोवती वेलबुट्टी काढलेली होती. गुरुजींनी वही काढून घेतली व कपाटात ठेवली. वर्ग शांत झाला, पाठ पुढे चालू राहिला आणि विषय तेथेच संपला, असे सर्वांस वाटले.

परंतु तो संपला नव्हता. त्या दिवसापासून त्या मुलाने वर्गात हात वर करणे सोडले. पुढे घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना असे दिसले की, सरासरीवरील दोन्ही उदाहरणे त्याने कोरी सोडली होती. एक उदाहरण गव्हाच्या पोत्यांचे होते, दुसरे पावसाच्या नोंदींचे. गुरुजींनी कपाटातील वही पुन्हा बाहेर काढली व सहज पाने उलटली. शेवटच्या चार पानांवर मुलाने आपल्या आवडत्या खेळाडूच्या सामन्यांचे कोष्टक आखले होते. धावांची बेरीज केली होती. नाबाद राहिलेला डाव भाजकात धरावयाचा नसतो, हे त्यास ठाऊक होते. ३३९ धावांस ७ ने भागून ४८.४३ ही सरासरी त्याने दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक काढली होती. ज्यास सरासरी येत नाही असे समजण्यात आले होते, त्यास ती येत होती. ती पोत्यांची येत नव्हती, इतकेच.

कोष्टक पाहता पाहता गुरुजींच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सामन्यांचे अनुक्रमांक ३ वरून एकदम ५ वर आणि ७ वरून ९ वर गेले होते. दुसऱ्या दिवशी वही परत देताना त्यांनी विचारले, "चौथा आणि आठवा सामना कोठे गेला?" मुलगा प्रथम गप्प राहिला. मग खाली पाहून म्हणाला, "गुरुजी, त्या दोन्हींत ते शून्यावर बाद झाले."

प्रस्तुत पाठ या दोन गाळलेल्या शून्यांविषयी आहे. मुलांच्या मनातील खेळाडूविषयीचे प्रेम ही शाळेच्या दृष्टीने अडचण नसून भांडवल आहे, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, शून्ये गाळून केलेले कौतुक मुलास काही शिकवीत नाही. ते प्रेम न दुखवता त्यास डोळस कसे करावे, हे दाखविण्यासाठी विदर्भातीलच एका थोर अष्टपैलू कर्णधाराचे चरित्र येथे घेतले आहे.

पाठाचा हेतू

१. विद्यार्थ्यांच्या स्वाभाविक आवडीचा अंकगणित, भूगोल व भाषा या विषयांच्या अध्यापनात उपयोग करून घेणे.
२. थोर व्यक्तीचे यश व अपयश दोन्ही पाहून तिच्याविषयी आदर बाळगता येतो, हा अनुभव विद्यार्थ्यांस देणे.
३. संघाचे नेतृत्व म्हणजे मान मिळवणे नव्हे, तर जबाबदारी उचलणे होय, याची जाणीव करून देणे.

पूर्वतयारी

शिक्षकांनी महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांचा नकाशा, जगाचा नकाशा आणि विद्यार्थ्यांच्या संख्येइतके कोरे कागद जवळ ठेवावेत. पाठास दोन तासिका लागतील. खेळाचे साहित्य वर्गात आणण्याची आवश्यकता नाही. शाळेतील मुले विटांच्या यष्ट्या व घरी तासलेली फळी यांवर खेळतच असतात. त्यांचा तोच अनुभव या पाठास पुरेसा आहे.

विषयप्रवेश

"तुमचा आवडता खेळाडू कोण?" एवढाच प्रश्न प्रथम विचारावा व येतील ती सर्व नावे फळ्यावर लिहावीत. नंतर "तो मोठा का?" असे विचारावे. बहुतेक मुले "तो जिंकून देतो म्हणून" असे उत्तर देतील. हे उत्तर फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावे व पुसू नये. मग शिक्षकांनी सांगावे की, आज ज्या खेळाडूची माहिती घ्यावयाची आहे, त्याने भारताच्या संघाचे चार कसोटी सामन्यांत नेतृत्व केले आणि त्यांपैकी एकही सामना भारतास जिंकता आला नाही. तरीही त्याच्या नावाने आज देशात स्पर्धा भरते व पुरस्कार दिला जातो. असे का झाले असावे, या प्रश्नाने विद्यार्थ्यांची जिज्ञासा जागृत होईल.

विषयविवेचन

(अ) नागपूरचा मुलगा

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घराणे तेलुगू भाषिक असले तरी त्यांचे बालपण व शिक्षण नागपुरातच झाले. पुढे नागपूर व वऱ्हाड हे दोन्ही भाग 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या एकाच प्रांतात आले, आणि वाशीमचा हा भाग वऱ्हाडात मोडत असल्यामुळे त्यांस आपल्याच प्रांतातील खेळाडू म्हणण्यास हरकत नाही. उंच, सडपातळ बांधा, ताठ चाल आणि मोजके बोलणे, असे त्यांचे व्यक्तिमत्त्व होते. फलंदाज म्हणून ते उजव्या हाताने खेळत. चेंडू उचलून दूर मारण्यात त्यांचा हातखंडा होता. त्याचबरोबर ते उपयुक्त गोलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक होते. खेळाची ही तिन्ही अंगे ज्यास साधली, त्यास मराठीत 'अष्टपैलू' असा सुंदर शब्द आहे. आठ पैलू पाडलेल्या रत्नाप्रमाणे कोणत्याही बाजूने पाहिले तरी जो चमकतो, तो अष्टपैलू.

सन १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध नायडू प्रथम खेळले. संघ अडचणीत असता ते फलंदाजीस उतरले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथ्या चेंडूवर षटकार मारला. येथे शिक्षकांनी थोडे थांबून विचारावे की, या चार चेंडूंपैकी कोणते अधिक महत्त्वाचे? मुले चौथा म्हणतील. पहिल्या तीन चेंडूंत नायडूंनी काय केले असेल, हे त्यांस विचार करून सांगू द्यावे. गोलंदाजाची चाल, चेंडूची उसळी व मैदानाचा अंदाज घेतल्यावाचून चौथ्या चेंडूचे धाडस हे धाडस न राहता आंधळेपणा ठरले असते, हे मुलांच्या तोंडून आले तर उत्तम.

(आ) १ डिसेंबर १९२६

सन १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ भारताच्या दौऱ्यावर आला. मुंबईतील जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाविरुद्ध त्यांचा सामना झाला. पाहुण्या संघातील गाय अर्ल यांनी आपल्या डावात आठ षटकार मारले होते. १ डिसेंबर रोजी नायडू फलंदाजीस आले आणि दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार व १३ चौकार होते. बातमी शहरात पसरली तशी माणसे कामे सोडून मैदानाकडे लोटली, आणि आसपासच्या झाडांवर व छपरांवरही प्रेक्षक चढून बसले, अशी वर्णने आढळतात. एम. सी. सी.ने नायडूंस रौप्य बॅट देऊन त्यांचा गौरव केला.

त्या काळी देश परतंत्र होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांस येथे अवश्य सांगावी. राज्यकर्त्यांच्या संघासमोर एक भारतीय निर्भयपणे उभा राहतो व त्यांच्याच खेळात त्यांच्याहून सरस ठरतो, हे पाहताना त्या प्रेक्षकांस काय वाटले असेल, याची मुलांनी कल्पना करावी. चाहता केवळ चेंडू पाहत नसतो. आपल्यालाही असे उभे राहता येईल, ही आशा तो त्या चेंडूमागे पाहत असतो. भारतीय खेळाडू कसोटी सामने खेळण्यास पात्र आहेत असे मत गिलिगन यांनी या दौऱ्यानंतर दिले. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली, आणि १९३२ मध्ये भारत हा कसोटी सामने खेळणारा सहावा देश ठरला.

(इ) लॉर्ड्सचे मैदान, १९३२

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून पोरबंदरच्या महाराजांची व उपकर्णधार म्हणून लिंबडीच्या राजकुमारांची निवड झाली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे नेतृत्व हे गुणापेक्षा घराण्याकडे पाहून दिले जाई. परंतु २५ जून १९३२ रोजी लंडन येथील लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू होण्याची वेळ आली, तेव्हा महाराज स्वतः बाजूस झाले होते आणि राजकुमारांस दुखापत झालेली होती. नेतृत्व नायडूंकडे आले. संघातील काही खेळाडूंस ते रुचले नव्हते. अशा मनःस्थितीतील संघ घेऊन नायडू मैदानात उतरले.

पहिल्याच सत्रात इंग्लंडचे तीन गडी अवघ्या १९ धावांत बाद झाले. मग इंग्लंडचे कर्णधार डग्लस जार्डिन यांनी डाव सावरला. ते ७९ धावांवर असता नायडूंच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक जनार्दन नवले यांनी त्यांचा झेल घेतला. हे नवले पुणे भागातील मराठी खेळाडू असून, कसोटी सामन्यात भारताकडून पहिला चेंडू खेळण्याचा मानही त्यांचाच. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हातास दुखापत झाली. तशा हाताने फलंदाजी करून त्यांनी ४० धावा काढल्या. भारताच्या १८९ धावांच्या त्या डावात हीच सर्वाधिक धावसंख्या होती. सामना इंग्लंडने १५८ धावांनी जिंकला.

संपूर्ण दौऱ्यात प्रथम दर्जाच्या सामन्यांत नायडूंनी १,६१८ धावा केल्या व ६५ गडी बाद केले. 'विस्डेन' या प्रसिद्ध वार्षिकाने १९३३ च्या अंकात वर्षातील पाच उत्कृष्ट खेळाडूंत त्यांची गणना केली. वॉरिकशायर संघाविरुद्ध त्यांनी १६२ धावा केल्या. तेथील मैदानाजवळून वाहणाऱ्या रेया नदीपलीकडे त्यांनी षटकार मारला व त्या काळी ती नदी दोन परगण्यांची सीमा असल्यामुळे चेंडू दुसऱ्या परगण्यात पडला, असे कौतुकाने सांगितले जाते. अनसिंगच्या मुलांस हे समजावून देणे सोपे आहे. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या मार्गावर त्यांचे गाव आहे. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत उभ्या राहिलेल्या गड्याने चेंडू असा टोलवावा की तो यवतमाळ जिल्ह्यात जाऊन पडावा, तसेच हे झाले.

(ई) कर्णधारपद गेल्यावर

१९३३-३४ च्या हंगामात जार्डिन यांचा संघ भारतात आला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील तिन्ही कसोटींत नायडूच कर्णधार होते. मुंबईच्या कसोटीत तरुण लाला अमरनाथ यांनी ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक झळकवले. त्या वेळी दुसऱ्या बाजूस उभे राहून नायडूंनी ६७ धावा केल्या व दोघांनी १८६ धावांची भागीदारी केली. एक सामना अनिर्णित राहिला, दोन भारताने गमावले.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात नेतृत्व पुन्हा घराण्याकडे, म्हणजे विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. नायडू तेव्हा चाळिशीत होते. ते साधे खेळाडू म्हणून संघाबरोबर गेले. ओव्हलच्या मैदानावरील अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर जोराने आदळला. तरी ते खेळत राहिले व ८१ धावा करून बाद झाले. त्यांच्या कसोटी जीवनातील हाच शेवटचा डाव आणि हीच सर्वोच्च धावसंख्या होय. मान काढून घेतल्यानंतर ज्याचे काम उणावत नाही, तोच खरा कर्णधार, हा या प्रसंगाचा बोध आहे. तो शिक्षकांनी स्वतः न सांगता मुलांकडून काढून घ्यावा.

(उ) इंदूरचे गुरुपद

१९२३ मध्येच होळकर महाराजांनी नायडूंस इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात अधिकारपद दिले होते. तेथूनच पुढे ते 'कर्नल' म्हणून ओळखले जाऊ लागले. इंदूरमध्ये खेळणाऱ्या मुश्ताक अली नावाच्या एका लहान मुलाकडे त्यांचे लक्ष गेले व त्यांनी त्यास मार्गदर्शन केले. त्याच मुश्ताक अलींनी १९३६ मध्ये मँचेस्टर येथे ११२ धावा करून परदेशातील भारताचे पहिले कसोटी शतक केले. ज्या खेळाडूकडे मुले आदराने पाहतात, त्याने मुलांकडेही पाहिले तर काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्यांपैकी पहिल्या विजयाच्या वेळी अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी स्वतः २०० धावा केल्या, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडलेली होती. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरवले. साठी उलटल्यावरही ते रणजी स्पर्धेत खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

डोळस कौतुक : शिक्षकांसाठी सूचना

चरित्र सांगून झाल्यावर पाठाचा खरा भाग सुरू होतो. नायडूंचे कसोटीतील आकडे फळ्यावर लिहावेत. ७ सामने, ३५० धावा, ९ बळी, फलंदाजीची सरासरी २५. नेतृत्व ४ सामन्यांत, विजय शून्य. आजच्या खेळाडूंच्या आकड्यांची सवय असलेली मुले हे पाहून निराश होतील. कोणी "मग ते मोठे कसे?" असेही विचारील. तो प्रश्न या पाठाचे फळ आहे. त्यास घाईने उत्तर देऊ नये. भारताचा कसोटीतील पहिला विजय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे आला, आणि त्या वेळी कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. ते स्वतःही फलंदाज व गोलंदाज असे अष्टपैलूच. बांधकामाच्या वेळी पाया भरणारा आणि कळस चढवणारा एकच असतो असे नाही, एवढे सांगून पुढील विचार मुलांवर सोपवावा.

नायडूंच्या स्वभावातील कठोरपणाही झाकून ठेवू नये. त्यांची शिस्त करडी होती. हाताखालचे खेळाडू त्यांस वचकून असत व सर्वांचे प्रेम त्यांस लाभले असे नाही. शिक्षकांनी येथे मनाशी थोडा विचार करावा. द्विशिक्षकी शाळेत एकाच व्यक्तीस भाषा, गणित, विज्ञान, कार्यानुभव व कवायत असे सर्व काही पाहावे लागते. तीही एका अर्थी अष्टपैलू कर्णधारीच आहे. शिस्तीने संघ उभा राहतो हे खरे. तथापि कोणती शिस्त मुलास उभे करते व कोणती त्याचा वर आलेला हात खाली आणते, याचा विचार रोजच्या रोज करावा लागतो.

एका बाबतीत विशेष सावधगिरी हवी. रणजी स्पर्धेच्या एका सामन्यात दत्तू फडकर यांचा चेंडू तोंडावर लागून नायडूंचे दात पडले, तरी त्यांनी मैदान सोडले नाही, अशी हकीकत सांगितली जाते. मुलांस ती फार आवडते. ती सांगताना दुखापत लपवणे म्हणजे शौर्य, अशी समजूत होऊ देऊ नये. शाळेच्या मैदानावर कोणास मार लागल्यास खेळ तत्काळ थांबवावा, प्रथमोपचार करावेत व घरी कळवावे, हा नियम त्याच वेळी सांगून टाकावा.

मुलींकडे दुर्लक्ष होऊ नये. पुष्कळ ठिकाणी मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहून खेळ पाहतात व फळी त्यांच्या हाती येत नाही. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू या इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि भारतातील अगदी आरंभीच्या महिला क्रिकेट समालोचकांत त्यांचे नाव घेतले जाते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे हरमनप्रीत कौर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात दीप्ती शर्मा यांनी अर्धशतकही केले व पाच बळीही घेतले. अष्टपैलू हा शब्द मुलींसही तितकाच लागू आहे, हे यापेक्षा निराळे सांगावे लागणार नाही. मात्र हे सांगितल्यावर त्याच संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींस खेळावयास मिळाले पाहिजे, अन्यथा सांगणे व्यर्थ होय.

वर्गातील कृती

अंकगणित : (१) १५३ धावांच्या डावात ११ षटकार व १३ चौकार होते. षटकार-चौकारांच्या एकूण धावा किती? पळून काढलेल्या धावा किती? (उत्तर : ११८ व ३५.) (२) १९३२ च्या दौऱ्यात नायडूंच्या १,६१८ धावांची सरासरी ४०.४५ होती, तर ते किती वेळा बाद झाले? (उत्तर : ४०.) (३) कसोटीत ३५० धावांची सरासरी २५ येते, तर ते किती वेळा बाद झाले? (उत्तर : १४.)

भूगोल : नकाशात वाशीम, नागपूर, मुंबई व इंदूर ही ठिकाणे दाखवावीत. जगाच्या नकाशात इंग्लंड दाखवून, १९३२ मध्ये संघ समुद्रमार्गे कसा गेला असेल, हे विद्यार्थ्यांस बोटाने मार्ग आखून सांगू द्यावे.

भाषा : 'माझा आवडता खेळाडू' या विषयावर प्रत्येकाने दहा ओळी लिहाव्यात. अट अशी की, त्यांतील किमान दोन ओळी त्या खेळाडूच्या अपयशाविषयी व त्यानंतर त्याने काय केले याविषयी असाव्यात. नुसते विशेषणांनी भरलेले लेखन परत करावे व "त्याने काय केले ते लिही" असे सांगावे.

खेळ : संघ पाडताना दर आठवड्यास कर्णधार बदलावा. कर्णधाराने प्रत्येक गड्यास किमान एक षटक गोलंदाजी द्यावी. सामना संपल्यावर कर्णधाराने आपले नव्हे, तर दुसऱ्या कोणाचे चांगले काम वर्गास सांगावे.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. नायडूंनी पहिले तीन चेंडू का अडवले असतील?
२. कर्णधारपद नसताना १९३६ मध्ये ते कसे खेळले?
३. मुश्ताक अली यांच्याकडे कोणी लक्ष दिले नसते तर काय झाले असते?
४. आपल्या आवडत्या खेळाडूचा कोणता पराभव तुम्हांस आठवतो? त्यानंतर तो तुम्हांस कमी आवडू लागला काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. त्यास गुण देऊ नयेत.

समारोप

नागपूरच्या मुलास मोठे होण्यासाठी इंदूर गाठावे लागले होते. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, विदर्भाच्या संघाने दिल्लीचा पराभव करून पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला. तो अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर झाला. पुढे २०१८-१९ व २०२४-२५ या हंगामांतही विदर्भाने तो करंडक मिळवला. पाया कोठे भरला जातो व कळस कोठे चढतो, याचा हिशेब एका सामन्याच्या धावफलकावर मांडता येत नाही.

आरंभी सांगितलेल्या मुलाचे काय झाले, हेही सांगणे योग्य होईल. गुरुजींनी त्यास शिक्षा केली नाही, किंवा त्याच्या आवडत्या खेळाडूस नावेही ठेवली नाहीत. नाबाद डाव भाजकात का धरत नाहीत, हे त्यांनी त्यालाच फळ्यावर समजावून सांगण्यास लावले. नंतर हा पाठ झाला. आठवड्याच्या शेवटी मुलाने वही आपणहून टेबलावर आणून ठेवली. कोष्टकात चौथा व आठवा सामना आता भरलेला होता, दोन्हीसमोर स्पष्ट शून्य होते, आणि ३३९ धावांस ७ ऐवजी ९ ने भागून सरासरी ३७.६७ अशी नव्याने काढलेली होती. कोष्टकास 'त्यानंतर काय केले' असा एक नवा रकानाही जोडला होता. छायाचित्र मात्र होते तेथेच होते व वेलबुट्टीही तशीच होती.

घटक चाचणीतील त्या दोन कोऱ्या उदाहरणांचे शून्य गुण गुरुजींच्या नोंदवहीत होतेच. तेही त्यांनी खोडले नाही. त्याच्या पुढील रकान्यात त्यांनी मुलाने फळ्यावर सोडवलेल्या उदाहरणाची तारीख लिहिली.